आरोपीचे चारित्र्य आणि पुराव्याचा कायदा

फौजदारी खटल्यात न्यायालयापुढे असलेला प्रश्न वरवर पाहता साधा असतो. आरोपपत्रात नमूद केलेले कृत्य या आरोपीने केले की नाही, एवढेच ठरवायचे असते. मात्र माणसे व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच एका प्रश्नातून काढतात, आणि तो प्रश्न म्हणजे हा माणूस आहे तरी कसा. ज्याने पूर्वी दोनदा चोरी केली त्यानेच ही तिसरी केली असणार, आणि ज्याचा गावात चांगला लौकिक आहे त्याच्या हातून असे घडणार नाही, हे अनुमान इतके सवयीचे आहे की त्याचे समर्थन करण्याची कोणाला गरज वाटत नाही. कायद्याची अडचण अशी की हे अनुमान पूर्णपणे खोटेही नसते. माणसाच्या स्वभावाचा त्याच्या वागण्याशी संबंध असतोच. म्हणून चारित्र्याच्या पुराव्याला किती जागा द्यावी, कोणत्या टप्प्यावर द्यावी आणि कोणाच्या चारित्र्याबद्दल द्यावी, या प्रश्नांची वेगवेगळ्या न्यायपद्धतींनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, आणि त्या उत्तरांवरून त्या पद्धतींचा न्यायाधीशावर, ज्युरीवर आणि पोलिसांवर कितपत विश्वास आहे हे कळते.

प्राचीन काळी चारित्र्य हा खटल्याचा उघड भाग होता. रोममध्ये आरोपीची स्तुती करण्यासाठी प्रतिष्ठित नागरिक उभे राहत, आणि इ.स.पूर्व ५६ मध्ये सिसेरोने केलियसच्या बचावासाठी केलेल्या भाषणाचा मोठा भाग क्लोडिया या स्त्रीच्या चारित्र्यावर हल्ला करण्यात खर्ची पडला, कारण तिची साक्ष निष्प्रभ करण्याचा तोच सर्वांत सोपा मार्ग होता. धर्मशास्त्रकारांचा आणि इस्लामी न्यायशास्त्राचा भर मात्र साक्षीदाराच्या चारित्र्यावर होता. मनू, याज्ञवल्क्य आणि नारद यांनी साक्षीदार कोण होऊ शकतो आणि जुगारी, चोर अशा कोणाची साक्ष घेऊ नये याची विस्तृत चर्चा केली आहे. त्यातही मनुस्मृतीने साहस, चोरी, मारहाण अशा गुन्ह्यांत साक्षीदारांची ही पारख बाजूला ठेवावी असे सांगून व्यवहाराची जाण दाखवली आहे. काझीच्या न्यायालयात साक्षीदार सदाचरणी आहे की नाही याची त्याला ओळखणाऱ्यांकडून खातरजमा करून घेतली जाई, आणि या चौकशीला तजकिया असे नाव होते. दोन्ही परंपरांत विचारले जाई ते एवढेच, की या माणसाच्या शब्दावर विसंबावे का.

आरोपीच्या वाईट चारित्र्याचा पुरावा निग्रहाने दाराबाहेर ठेवण्याची कल्पना मुख्यतः इंग्लंडमध्ये वाढली, आणि ती ज्युरीच्या छायेत वाढली. निकाल कायद्याचे शिक्षण नसलेले बारा नागरिक देणार, तोही कारणे न सांगता देणार. अशा वेळी आरोपीची जुनी पापे त्यांच्या कानावर पडली तर ते आजच्या आरोपाचा पुरावा नीट तपासणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. या भीतीचे तीन पदर आहेत. पहिला असा की जुन्या गुन्ह्याला त्याच्या योग्यतेपेक्षा अधिक वजन दिले जाईल. दुसरा असा की या गुन्ह्याबद्दल शंका असूनही, माणूस वाईटच आहे, तेव्हा शिक्षा झाली तरी काही बिघडत नाही, असे ज्युरीला वाटू लागेल. तिसरा असा की आरोपीला एका आरोपाची तयारी करून येण्याची संधी मिळालेली असताना त्याला साऱ्या आयुष्याचा हिशेब द्यावा लागेल. १९४८ मध्ये मायकेलसन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी हेच नेमकेपणाने मांडले: चारित्र्याचा पुरावा निरर्थक आहे म्हणून नाकारला जात नाही, तो मनावर फार प्रभाव पाडतो म्हणून नाकारला जातो.

इंग्रजी कायद्याने या नियमाला दोन बाजूंनी मुरड घातली. आरोपीला स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा देण्याची मुभा राहिली. ही एक प्रकारची दया होती, कारण अठराव्या शतकात लहानशा चोरीलाही फाशी होऊ शकत असे आणि शेजारी, मालक किंवा धर्मगुरू यांचा एक चांगला शब्द जीव वाचवू शकत असे. मात्र ही मुभा १८६५ च्या रौटन खटल्याने विचित्र रीतीने आक्रसली. साक्षीदाराने आरोपीचा समाजातील लौकिक तेवढा सांगावा, स्वतःला आलेला अनुभव किंवा स्वतःचे मत सांगू नये, असे त्या निकालाने ठरवले. म्हणजे जो आरोपीला वर्षानुवर्षे ओळखतो त्याने काय पाहिले ते सांगायचे नाही आणि लोक काय बोलतात ते सांगायचे, असा उफराटा प्रकार झाला, आणि या निकालावर पुढे अनेक न्यायशास्त्रज्ञांनी टीका केली ती रास्तच होती.

दुसरी मुरड अधिक महत्त्वाची आहे. पूर्वीची कृत्ये आरोपी वाईट आहे एवढेच दाखवण्यासाठी सांगता येत नाहीत, पण ती खटल्यातील एखाद्या नेमक्या मुद्द्यावर प्रकाश टाकत असतील तर सांगता येतात. न्यू साउथ वेल्समधील मेकिन दांपत्याच्या खटल्यात हा भेद स्पष्ट झाला. पैसे घेऊन तान्ही मुले सांभाळायला घेणाऱ्या या जोडप्यावर एका मुलाच्या खुनाचा आरोप होता. ते पूर्वी राहत असलेल्या घरांच्या अंगणांतही अर्भकांचे मृतदेह पुरलेले सापडले होते. प्रिव्ही कौन्सिलने हा पुरावा ग्राह्य धरला, कारण मृत्यू नैसर्गिक होता की घडवून आणलेला, हाच तिथे प्रश्न होता. १९१५ मध्ये जॉर्ज जोसेफ स्मिथवर एका पत्नीला न्हाणीघरातील टबात बुडवून मारल्याचा खटला चालला, तेव्हा त्याच्या आणखी दोन बायका १९१३ आणि १९१४ मध्ये अशाच टबात बुडून मेल्या होत्या, हे ज्युरीला सांगण्यात आले. एक मृत्यू अपघात असू शकतो; एकाच माणसाच्या तीन बायका एकाच रीतीने अपघाताने मराव्यात हे संभवत नाही. इथे युक्तिवाद स्मिथच्या स्वभावावर उभा नसून योगायोगाच्या अशक्यतेवर उभा आहे. हा भेद कागदावर स्वच्छ दिसत असला तरी प्रत्यक्षात तो फार सहज निसटतो, कारण पुरावा ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही विचार एकाच वेळी येतात.

१८९८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देण्याचा अधिकार मिळाला आणि त्याबरोबर एक ढालही मिळाली, ती अशी की उलटतपासणीत त्याला जुन्या शिक्षांबद्दल विचारता येणार नाही. मात्र त्याने स्वतःच्या चांगुलपणाचा दावा केला किंवा सरकारी साक्षीदारांच्या चारित्र्यावर चिखल उडवला तर ती ढाल गळून पडेल. ही व्यवस्था शतकभर चालली. नंतर २००३ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टने जुने न्यायालयनिर्मित नियम रद्द करून वाईट चारित्र्याच्या पुराव्यासाठी सात वाटा आखून दिल्या, आणि त्यांपैकी एका वाटेने, अशा प्रकारचे गुन्हे करण्याची आरोपीची प्रवृत्ती आहे हेही आता दाखवता येते. त्यामुळे खटला अन्यायकारक होत असेल तर न्यायाधीशाने तो पुरावा नाकारायचा असतो. २००५ च्या हॅन्सन निकालाने एवढे तरी बजावले की एखाद-दुसऱ्या जुन्या शिक्षेवरून प्रवृत्ती सहसा सिद्ध होत नाही. तरीही ज्या देशाने हा नियम जगाला दिला त्यानेच त्याचा गाभा सैल केला, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

अमेरिकेत मूळ नियम अधिक कडक राहिला, पण काँग्रेसने १९९४ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या आणि बालकांवरील अत्याचाराच्या संघराज्यीय खटल्यांपुरता अपवाद करून आरोपीची तशीच पूर्वीची कृत्ये सांगण्याची परवानगी दिली. अशा गुन्ह्यांना बहुधा साक्षीदार नसतो आणि एका स्त्रीच्या शब्दाविरुद्ध आरोपीचा शब्द एवढेच न्यायालयापुढे उरते, हे त्यामागचे कारण कोणालाही पटण्यासारखे आहे. पण राज्याराज्यांचे कायदे निराळे असल्याने त्याचा परिणामही निराळा होतो. चित्रपटनिर्माता हार्वी वाइनस्टीन याची न्यूयॉर्कमधील २०२० ची दोषसिद्धी तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी रद्द केली, कारण ज्यांच्याबद्दल आरोपच ठेवलेला नव्हता अशा प्रसंगांविषयी इतर स्त्रियांच्या साक्षी घेतल्या गेल्या होत्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात मात्र अशा साक्षींना लैंगिक गुन्ह्यांच्या खटल्यांत स्पष्ट जागा आहे. न्यूयॉर्कच्या बहुमताने १९०१ पासून चालत आलेल्या नियमाचा आधार घेतला, आणि अल्पमतातील न्यायाधीशांनी हा नियम स्त्रियांच्या अनुभवाकडे पाठ फिरवतो असे म्हटले. या मतभेदात दोन्ही बाजूंना खरे वजन आहे.

युरोप खंडातील पद्धत मुळातच वेगळ्या जागेवरून सुरू होते. फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्याचा तपास करणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्याने आरोपीच्या व्यक्तिमत्त्वाची चौकशी करून घ्यावी असे तेथील दंडप्रक्रिया संहिताच सांगते, आणि साक्षीदारांनी कृत्याबद्दल तसेच आरोपीच्या व्यक्तिमत्त्वाबद्दल व नीतिमत्तेबद्दल बोलावे असे त्याच संहितेत लिहिले आहे. त्यामुळे खटल्याच्या सुनावणीत आरोपीचे बालपण, शिक्षण, संसार, व्यसने, नोकऱ्या आणि जुन्या शिक्षा हे सारे खुलेपणाने चर्चिले जाते. २०२४ मध्ये आविन्यों येथे ५१ आरोपींचा जो खटला जगभर गाजला त्यातही न्यायालयाने अशा चौकशा ऐकल्या. यामागे दोन कारणे आहेत. एक तर तेथे दोष आणि शिक्षा यांचा निर्णय एकाच विचारविनिमयात होतो, आणि शिक्षा ठरवायची तर माणूस कळलाच पाहिजे. दुसरे असे की फ्रेंच ज्युरी एकटी बसत नाही. तीन व्यावसायिक न्यायाधीश तिच्यासोबत बसून निर्णय घेतात. तरी या खुलेपणाची जोखीम फ्रेंचांनाही ठाऊक आहे. आल्बेर काम्यूच्या १९४२ मधील कादंबरीत खुनाच्या आरोपीचा न्याय त्याने आईच्या अंत्यविधीला अश्रू ढाळले नाहीत यावरून होतो, आणि तो प्रसंग वाचकाला अतिशयोक्त वाटत नाही.

जर्मन संहिता मधला मार्ग घेते. आरोपीच्या व्यक्तिगत परिस्थितीची विचारपूस सुनावणीच्या आरंभीच होते, पण जुन्या शिक्षा निर्णयासाठी आवश्यक असतील तेवढ्याच आणि न्यायाधीश ठरवील त्या वेळीच पुढे आणायच्या असतात. नोंदवहीतून मुदतीनंतर पुसल्या गेलेल्या शिक्षांचा वापर आरोपीविरुद्ध करता येत नाही. आणि निकालाची लेखी कारणे द्यावी लागत असल्याने न्यायाधीशाने चारित्र्यावरून गुन्हा ओढून काढला असेल तर वरच्या न्यायालयाला ते दिसते. या सावधगिरीमागे जर्मनीचा स्वतःचा इतिहास आहे. नोव्हेंबर १९३३ मध्ये नाझी राजवटीने सराईत गुन्हेगारांविरुद्ध कायदा करून बेमुदत स्थानबद्धतेची सोय केली, आणि पुढे गुन्ह्यापेक्षा गुन्हेगाराचा नमुना शिक्षेला पात्र ठरवणारी विचारसरणी दंडसंहितेतही शिरली. माणसाने काय केले याऐवजी तो कोणत्या जातीचा गुन्हेगार आहे हे कायदा विचारू लागला की पुढचा रस्ता कोठे जातो, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावा लागत नाही.

भारताचा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातून आला. तो व्हाइसरॉयच्या मंडळातील विधी सदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केला, आणि त्याची चौकट १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ४६ ते ५० मध्ये जवळजवळ तशीच आहे. दिवाणी दाव्यात एखाद्याचे चारित्र्य त्याचे वर्तन सिद्ध करण्यासाठी वापरता येत नाही. फौजदारी खटल्यात आरोपीचे पूर्वीचे चांगले चारित्र्य विचारात घेता येते, वाईट चारित्र्य घेता येत नाही. मात्र आरोपीनेच चांगुलपणाचा पुरावा दिला तर सरकार पक्षाला उत्तरादाखल वाईट बाजू मांडता येते. चारित्र्यात लौकिक आणि स्वभाव दोन्ही येतात, हे स्टीफन यांनी स्पष्टपणे लिहिले आणि रौटन निकालातील वेडेपणा टाळला. खटल्यातील नेमक्या मुद्द्यासाठी पूर्वीच्या घटना सांगण्याची वाटही त्यांनी ठेवली. त्यांचे उदाहरण विम्याच्या रकमेसाठी स्वतःचे घर जाळल्याच्या आरोपाचे आहे: आरोपी एकामागून एक अनेक घरांत राहिला, प्रत्येक घराचा विमा होता, प्रत्येकाला आग लागली आणि प्रत्येक वेळी त्याने निराळ्या कंपनीकडून पैसे घेतले, तर ही आग अपघाती नाही हे त्यावरून दाखवता येते. चांगल्या चारित्र्याच्या पुराव्याला आपली न्यायालये फारसे वजन देत नाहीत. भगवान स्वरूप विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा पुरावा अतिशय दुबळा असून गुन्ह्याच्या प्रत्यक्ष पुराव्यापुढे तो टिकत नाही असे म्हटले.

भारतात ज्युरी केव्हाच संपली. तरीही हा नियम राहिला, आणि तो राहिला हे योग्यच झाले, कारण प्रशिक्षित न्यायाधीशाचे मनही माणसाचेच असते. आपल्या फौजदारी प्रक्रियेने याची जाणीव एका बारीक तरतुदीत जपली आहे. पूर्वीच्या शिक्षेमुळे आरोपीला वाढीव शिक्षा मागायची असेल तर ती जुनी शिक्षा आरोपात नमूद करावी लागते, पण सत्र न्यायालयात आरोपी दोषी ठरेपर्यंत आरोपातील तो भाग न्यायाधीशाने वाचून दाखवायचा नाही आणि सरकार पक्षाने त्याचा उल्लेखही करायचा नाही. दोष सिद्ध झाल्यावर मात्र शिक्षेची स्वतंत्र सुनावणी होते आणि तिथे माणसाला पूर्ण जागा मिळते. १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून फाशीचा विचार करताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराची परिस्थितीही पाहावी लागते. आधी कृत्य आणि मग माणूस, हा क्रम इथे नीट पाळलेला आहे, आणि या विषयातील सर्वांत शहाणपणाचा उपाय तोच आहे.

या चौकटीत एक मोठी फट फार काळ राहिली, आणि ती आरोपीच्या नव्हे, तक्रारदार स्त्रीच्या चारित्र्याची होती. आरोपीचे वाईट चारित्र्य वर्ज्य मानणाऱ्या त्याच कायद्याने बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सामान्यतः अनीतिमान आहे असे दाखवण्याची मुभा आरोपीला दिली होती. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने तिच्या पूर्वीच्या शरीरसंबंधांवरून तिची संमती गृहीत धरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रातून जे आंदोलन उभे राहिले त्यातून १९८३ मध्ये कायदा बदलला. तरी ती चारित्र्यहननाची मुभा हटायला २००२ उजाडावे लागले, आणि संमतीच्या प्रश्नावर स्त्रीचे चारित्र्य किंवा पूर्वीचे संबंध विचारात घ्यायचे नाहीत हे स्पष्ट कलम २०१३ मध्ये आले. एकाच कायद्याने आरोपीला जे संरक्षण पहिल्या दिवसापासून दिले ते तक्रारदार स्त्रीला मिळायला एकशे तीस वर्षे लागली, ही भारतीय कायद्याची लाजिरवाणी बाब आहे.

दुसरी फट न्यायालयाबाहेर आहे आणि तिचा महाराष्ट्राशी फार जवळचा संबंध आहे. स्टीफन विधी सदस्य असतानाच, पुराव्याच्या कायद्याच्या अवघे काही महिने आधी, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला. एका व्यक्तीच्या खटल्यात तिचे वाईट चारित्र्य बोलू नये असे सांगणाऱ्या राजवटीने सबंध जमातींचे चारित्र्य अधिसूचना काढून ठरवले, आणि त्या अधिसूचनेच्या वैधतेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही असेही लिहून ठेवले. रामोशी, कैकाडी, कंजारभाट, पारधी, भामटा अशा समाजांच्या वाट्याला त्यातून पोलिसांची हजेरी, परवान्याशिवाय गाव न सोडण्याचे बंधन आणि सोलापूरच्या ‘सेटलमेंट’सारख्या तारेच्या कुंपणातल्या वसाहती आल्या. १९५२ मध्ये हा कायदा रद्द होऊन हे समाज विमुक्त ठरले, पण परिसरात चोरी झाली की पहिली धाड पालांवर पडते, हे विमुक्तांच्या आत्मकथनांतून मराठी वाचकाला चांगले ठाऊक आहे.

आजही चारित्र्याला खटल्यात जी जागा नाही ती खटल्याबाहेर भरपूर आहे. पोलीस ठाण्याच्या भाषेत ज्याला चॅप्टर केस म्हणतात त्या प्रतिबंधक कारवाईत एखादी व्यक्ती सराईत गुन्हेगार आहे हे सर्वसाधारण लौकिकाच्या पुराव्यावरही सिद्ध करता येते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारीचा आदेश दोन वर्षांपर्यंत असू शकतो, आणि भीतीपोटी साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत याच कारणावर तो काढता येतो. १९८१ च्या कायद्याखाली झोपडपट्टी दादा किंवा धोकादायक व्यक्ती ठरवून स्थानबद्ध करता येते, आणि १९९९ च्या मकोका कायद्यात मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असणे हा गुन्ह्याच्या व्याख्येचाच भाग आहे; आरोपपत्र म्हणजे दोषसिद्धी नव्हे, ही गोष्ट तिथे आडवी येत नाही. संघटित गुन्हेगारीपुढे साधा कायदा अपुरा पडतो हे खरे आहे, आणि दहशतीखालच्या वस्तीला संरक्षण हवेच. पण ज्या पुराव्यावर न्यायालय एका दिवसाचीही शिक्षा देणार नाही त्याच पुराव्यावर माणूस जिल्ह्याबाहेर घालवला जातो, तेव्हा ती कारवाई अपवादातला अपवाद असायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे या बाहेरच्या दाराकडे लक्ष दिले आहे. मे २०२४ मध्ये त्याने मागास समाजांतील निरपराध लोकांची पोलीस हिस्ट्रीशीट यांत्रिकपणे उघडली जाऊ नये असे बजावले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईतील पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंग नियमावल्यांमधील विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेख घटनाबाह्य ठरवले. याच दिशेने आणखी एक पाऊल महाराष्ट्राच्या पोलिसांना आणि सरकारी वकिलांना कोणत्याही नव्या कायद्याशिवाय टाकता येईल. कोठडी मागताना किंवा जामिनाला विरोध करताना आरोपीच्या पूर्वीच्या गुन्ह्यांची यादी जोडली जाते तेव्हा प्रत्येक नोंदीपुढे तिचा निकाल, म्हणजे शिक्षा झाली, निर्दोष सुटला की खटला प्रलंबित आहे, हे न चुकता लिहावे, आणि ते लिहिलेले नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती यादी विचारात घेऊ नये.